छत्तीस

आमच्या सभागृहात बहुतेक वेळा हात वर करावे लागत नाहीत.
लेखनिक पक्षाचं नाव पुकारतो,
मी उठतो, कोटाचं बटण लावतो, म्हणतो :
छत्तीस, बाजूने.
आणि बसतो.
त्या छत्तिसांतला एक दातांच्या डॉक्टरकडे असतो,
एक मुलीच्या नेटबॉलच्या सामन्याला,
दोघं वाऱ्यामुळे न उतरलेल्या विमानात, वेलिंग्टनवर घिरट्या घालत.
सगळ्यांचं मत माझ्या एका जिभेवर.

मला मुख्य प्रतोद म्हणतात. प्रतोद म्हणजे चाबूक.
माझ्याकडे आहे एक वही
आणि खिशात खोकल्याच्या गोळ्या.

मंगळवारी रोइमाता केरिगन आली,
पश्चिम किनाऱ्याची. छत्री मोडलेली, केस ओले.
म्हणाली, लहान बंदरांच्या विधेयकात मला धरू नकोस.
मी म्हटलं, बस.
ती बसली नाही.

तिच्या नदीच्या मुखाशी वाळू रोज जागा बदलते.
धक्क्याच्या टोकाला पत्र्याची खोली आहे,
तिथे डेस पोटिकी दुर्बीण घेऊन बसतो
आणि परतणाऱ्या होड्यांना रेडिओवर सांगतो :
आत्ता नको. थांब. थांब. आता ये.
विधेयकाच्या चौदाव्या कलमात ती खोली नाही.
कलमात लिहिलंय : सेवांचे एकत्रीकरण.
‘मी त्याच्या ओट्याशी उभी राहून शब्द दिलाय,’ ती म्हणाली,
‘तो मासे साफ करत होता. वर बघितलंही नाही त्याने.
इतका विश्वास.’

मग मी माझं नेहमीचं सांगितलं.
लोकांनी तुझ्या चेहऱ्याला नाही, पाटीवरच्या रंगाला मत दिलं.
आज तू तुझ्या नदीसाठी सुटलीस,
उद्या दुसरा सुटेल एखाद्या सिमेंट कंपनीसाठी,
आणि तोही सद्सद्विवेकच म्हणेल त्याला.
दावण सुटली की गोठा कुणाचा?
हे मी खोटं सांगत नव्हतो. आजही खोटं वाटत नाही.

जे सांगितलं नाही ते असं :
माझ्या पहिल्या वर्षी माझ्या गावची शाळा बंद झाली.
मी बाजूने होतो. म्हणजे मला धरलं होतं.
वर्गातले बाक लिलावात गेले,
एक अजून माझ्या भावाच्या गॅरेजमध्ये आहे,
त्यावर तो रंगाचे डबे ठेवतो.

रोइमाता दाराशी थांबली.
‘तू बोलशील ना बरोबर? की मोजताना विसरशील?’

गुरुवारी, रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी
लेखनिकाने पक्षाचं नाव पुकारलं.
मी बटण लावलं.
नियम असा आहे की तिचा नकारसुद्धा
माझ्याच तोंडून यायला हवा.
बंडालाही इथे वाहक लागतो.
पस्तीस, बाजूने, मी म्हणालो,
आणि मध्ये एक श्वास आला, ध्वनिमुद्रणात तो ऐकू येतो,
एक, विरोधात.
समोरच्या बाकांवरून कुणीतरी टाळी वाजवली, कुत्सित.
आमच्या बाकांवर कागद सरकले.

विधेयक आठ मतांनी मंजूर झालं.
तिचं एक इकडचं तिकडे झाल्याने काहीच अडलं नाही.
सोमवारी मी तिला मत्स्यव्यवसाय समितीतून काढल्याच्या पत्रावर सही केली.
पेन चालत नव्हतं, दुसरं मागवलं.
कॅन्टीनमध्ये ती एकटीच सूप पीत होती,
मी ट्रे घेऊन तिच्या टेबलाजवळून गेलो,
थांबलो नाही असं म्हणता येणार नाही.
मीठदाणी हवी होती, असं म्हणालो.
तिने ती पुढे सरकवली.

आता पुन्हा छत्तीस, रोज.
तीनची पाठ सहाला, सहाची तीनला,
तरी आकडा एकच दिसतो लांबून.
मी उठतो, म्हणतो,
आणि ‘बाजूने’च्या आधी
जीभ किंचित थांबते,
वाळूकडे बघत :
आत्ता नको. थांब.