बर्फाचा दर

बर्फाचा दर सेकंदावर ठरतो.
मॉस्कोहून मेल आलाय:
तीस सेकंदांहून कमी देत नाही, पैसे आगाऊ.

राजारामपुरी, सातवी गल्ली. खाली झेरॉक्सवाला,
वर मी, आणि पडद्यावर मालगाडी.
कोपऱ्यात आकडे पळतात.
मधोमध रशियन अक्षरांचा शिक्का, डब्यांवरून आडवा,
माणसं उतरली की त्यांच्या तोंडावरून जातो.
एक बाई कॅमेऱ्याकडे बघते
आणि कुणीतरी खूण केल्यासारखी हसते.

सूचीत नोंद: लाकूडतोडे, स्वखुशीने उत्तरेकडे, १९३४.
आम्हाला हवी होती चाळीसची गाडी,
जिच्यातून पोलंडच्या झोशाला नेलं,
मग कुठून कुठून, इराणवरून,
वळिवड्याच्या छावणीत ती कौलाखाली आली.
त्या गाडीचं चित्रीकरण नाही.
कॅमेरा ज्यांच्याकडे होता
डबे त्यांनीच बाहेरून बंद केले होते.

“बर्फ त्यो बर्फच की भावा,” दिग्दर्शक म्हणाला,
“ह्या डब्याला त्यो डबा जोड. कोन मोजतंय?”
जोडला. खाली व्हायोलिन टाकलं.
माझ्याच डोळ्यांत पाणी आलं,
म्हणून भ्यालो,
आणि लॅपटॉप उचलून आक्काताई मगदुमांकडं गेलो.

आक्काताई सात वर्षांच्या असताना
बापामागनं छावणीत दूध घालायच्या.
अजून मापं टाकताना येदेन, द्वा, त्शी करतात.
त्यांनी चष्मा पुसला, दोनदा बघितलं.
“ह्यात झोशा न्हाई.”
नसणारच, आक्का, हे नुसतं...
“मग ही कोन बाई? हिचं नाव काय?”

मी आकडे बघत राहिलो.

“बर्फाचं झोशा कधी बोलली न्हाई,” त्या म्हणाल्या.
“एकदा उसाला तुरं आल्यालं, सगळा मळा पांढराफेक,
हिनं बांधावरच पाय रोवलं.
हाताला धरून वढली,
तरी आत आली न्हाई.”

डिसेंबरात आम्ही तुरे चित्रित केले.
वारा होता. मागं कारखान्याचा भोंगा आला, तो तसाच ठेवला.
आणि त्या बाईचे चार सेकंद, व्हायोलिन काढून.
खाली तिची तिची ओळ: १९३४. नाव माहीत नाही.
‘स्वखुशीने’पाशी बोट अडलं.
तो शब्द अवतरणात टाकला.

सव्वीस सेकंद उरलेत, पैसे भरलेले.
मशीन बंद करून मी खाली चहाला जातो
तेव्हाही ती माणसं उतरतच असतात,
पाय कुठं टेकतोय
ते चाचपत.