अभ्यासवर्ग, जिनिंगच्या आवारात

बंद जिनिंगच्या आवारात आम्ही बारा जण,
त्यातले दोघं चहासाठी आलेले.
शाळेतला पृथ्वीचा गोल मी आणला होता,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून.
नाल्यापाशी तो निसटला
आणि उत्तर अमेरिकेला पोचा पडला.

प्रेसच्या लोखंडावर उठावाची अक्षरं अजून आहेत.
सुकेशिनी बोट फिरवत वाचते: मँ-चे-स्ट-र.
बोटाला गंजाचं पीठ.
ओढणीला पुसत विचारते,
"सर, हे गाव याच्यावर कुठं हाय?"
इंग्लंड एवढंसं,
तिनं बोट ठेवलं की दिसेनासं होतं.

घोषणा आधीच ठरल्या होत्या.
विश्वदीपनं प्लायवर 'साम्राज्यवाद' लिहिताना
'म्र' चुकवला, मग पुन्हा गिरवला.
मी म्हटलं, रंग वाळू दे,
तोवर एक हिशेब सांगतो.

अठराशे एकसष्ट.
पोचा पडलाय ना, तिथं युद्ध पेटलं.
गुलामांनी वेचलेला कापूस बंदरात अडकला.
लँकशायरचे माग थांबले, विणकर उपाशी,
आणि इथं वऱ्हाडात
बोंडाला चांदीचा भाव.
म्हणतात, बैलांच्या शिंगांना तेव्हा नव्या शेंब्या चढल्या.
चार वर्षांनी तिकडं बेड्या तुटल्या.
भाव पडला.
कुणाच्या तरी सुटकेच्या वर्षी
आपल्या चावडीवर सुतक.
कशाचं, ते चावडीला ठाऊक नव्हतं.

सरकीच्या जुन्या ढिगावर एक खार
काही मिळतंय का बघत होती.

"मंग आपून कोनाच्या बाजूनं होतो?"
पुन्हा सुकेशिनीच.
उत्तर होतं माझ्याकडं,
पण त्याची वाट माझ्या घरातून जात होती.

मी तांड्यावरचा.
माझ्या खापरपणज्याच्या लदेणीत दोनशे बैल.
मोगलांची फौज आली, तेव्हा आमच्यांनी धान्य पोचवलं.
निजामाची आली, पोचवलं.
गोऱ्यांची आली, तिनं रोख दिले.
मग त्यांचीच आगगाडी आली,
बैल एकेक करून बाजाराला गेले,
आणि रिकाम्या हातांची माणसं
कुठल्याशा वहीत चोर म्हणून लिहिली गेली.
याडी बैलांच्या नावांचं एक गाणं म्हणायची.
नावंच नावं, पाऊण तास.
त्यात एकही बादशहा नव्हता.

विश्वदीप चिडला.
"जुनं उगाळून काय होते सर?
परवा पुन्हा बाँब पडले, तुमीबी पाह्यलं ना?"
पाह्यलं. त्या रात्री जेवलो नाही.
त्याचं खरं आहे, म्हणूनच विचारतो:
आपल्याकडचीच एखादी कंपनी
आफ्रिकेत नदीकाठची जमीन घेते,
तेव्हा तिथले पोट्टे प्लायवर
कोणत्या देशाचं नाव लिहीत असतील?
आणि जो झेंडा मोठ्यावर गुरकावतो
पण शेजाऱ्याच्या मानेवर पाय ठेवतो,
त्याच्याखाली उभं राहायचं,
की उन्हातच बरं?

"म्हंजे मोर्चा काढाचाच नाही का?"
काढायचा, बाप्पा. कोण नाही म्हणतं.

शनिवारी निघाला. आम्ही सतरा.
फलकावर 'साम्राज्यवाद', 'म्र' जरा जाड.
खाली सुकेशिनीनं खडूनं वाढवलेलं:
कापूस कोणी वेचला ते विचारा.
फलक धरताना माझ्याच बाहीनं
'विचारा' पुसलं गेलं.
तहसीलदार जेवायला गेले होते.
शिपायानं निवेदन घेतलं, पेपरवेटखाली ठेवलं.
पेपरवेटही गोलच होता, काचेचा,
आत निळं फूल.

गोल मी शाळेत परत ठेवला.
फिरवला की पोच्यापाशी अडखळतो, टक् वाजतो.
चौथीतली पोरं बोट घालून बघतात.
म्हणतात, सर, इथं तलाव हाय का?