ळ

कादंबरीचे हक्क विकले गेले तेव्हा
मुंगेमास्तरांना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.
कंपनीने मला बोलावलं: मूळ मराठी, पटकथा हिंदीत,
आणि रोबो मोठा हवा,
पडद्याच्या वरच्या कडेला डोकं लागेल एवढा.

पुस्तकात तो सव्वापाच फूट.
सुताच्या खात्यात स्टुलावर चढून दिवे पुसतो.
आणि त्याला ळ म्हणता येत नाही.
"माझं नाव बलवंत," तो सांगतो,
"सकाली आलो. फलीवर बसू का?"
खात्यातली पोरं हसतात.
बासष्ट सालचे वाचकही हसले असतील.
नंतर कुणा समीक्षकाने लिहिलं:
यंत्राच्या जिभेत माणसाएवढी पोकळी.
मीही एम.ए.ला ते वाक्य पाठ केलं होतं,
दहा मार्कांसाठी.

रामबागेत गंगाराम साळवी भेटले,
अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, कानात यंत्र.
तोपखान्यातल्या छापखान्यात ते जुळारी होते.
"पोकळी कसली?" म्हणाले. "खिळे संपले.
इंदुरात ळ कोण विकणार? सगळा माल हिंदीचा.
पुण्याहून आणलेले दीडशे, त्यातले निम्मे झिजलेले,
आणि पुस्तकात माणसं तरी किती बोलतात!
मास्तर म्हणाले, यंत्राचे काढ, माणसांना दे.
त्याला काय कळतंय."

शेवटच्या पानावर बलवंतला खोलतात.
आधी खांदा, मग मान, मग छातीवरची पाटी.
तेव्हा तो एकदाच, स्वच्छ म्हणतो, "वेळ झाली."
"मग हा ळ?" मी विचारलं.
साळवींनी पुस्तक नाकाशी नेलं,
बोट दोन ओळी खाली सरकवलं:
*अभियंत्याचे डोले भरून आले.*
"इथला काढला. तेवढा एकच धड होता.
मास्तर प्रूफ हातात धरून बराच वेळ उभे राहिले.
मग म्हणाले, चहा सांग."

हे मी दिग्दर्शकाला सांगितलं, हिंदीत.
हिंदीत सांगताना गोष्टच उरेना.
तिथे बलवंत हे बरोबर नाव, दणकट, पोस्टरला शोभणारं.
तिथे सगळेच त्याच्यासारखे बोलतात,
आता माझी मुलगीसुद्धा,
जिची शाला सकालची असते.
सूदसाहेब म्हणाले, डोळ्यातून तेलाचा एक थेंब काढू.
क्लोजअप. मागे व्हायोलिन. लोक रडतील.
रडतीलही.
मी लिहून दिलं.

शूटिंग बंद मिलच्या आवारात.
पत्रा सियागंजचा, ठोकणारे हातही तिथलेच,
आत देपालपूरचा भेरूलाल,
उंचीवर निवडलेला. त्याच्या वाट्याला एकच वाक्य,
बाकीचा आवाज मुंबईत दुसरा कुणी देणार.
"कहाँ बने हो?" त्याला विचारतात.
"मालवा में," त्याने म्हणायचं.
जेवणाची सुट्टी टळली होती, पत्रा तापलेला.
आतून आवाज आला, रिकाम्या डब्यातून यावा तसा:
"माळवा में."

कट.
ध्वनीवाला म्हणाला, उच्चार बिघडला.
भेरूलाल म्हणाला, घरी असंच म्हणतात, साब.
पुढे सहा वेळा त्याने बरोबर म्हटलं.

पहिला टेक मी मागून घेतला, फोनवर,
आणि संध्याकाळी साळवींच्या कानाशी धरला.
त्यांनी यंत्राची चकती फिरवली.
पुन्हा लाव, म्हणाले.
पुन्हा.
मग अंगठा आणि तर्जनी जुळवून
हवेतून काहीतरी बारीक उचललं,
उलटं करून उजेडात पाहिलं
आणि शर्टाच्या खिशात टाकलं.