तीन उणे

छू रुईफेन आमच्या काउंटरवर सव्वीस वर्षं
दुसऱ्यांची औषधं तोलत आली.
तीनशे बारा खण. एकावरचीही चिठ्ठी ती वाचत नाही,
हात जायचा तिथेच जातो.
बोझोऊच्या बाजारातून पोतं आलं
की आधी चावून बघते, मग सही करते.

मार्चमध्ये तिनं मला कपाटाआड बोलावलं,
माझी बोटं धरून काखेखाली नेली.
शिंगाड्याएवढं काहीतरी.
नववर्षाच्या सुट्टीत नव्हतं, म्हणाली,
मग तोलल्यासारखा तळवा वरखाली केला:
आता दोन तोळे तरी असेल.

हफेईच्या रिपोर्टात तीन ओळी,
तिन्हींपुढे एकच अक्षर. यिन.
तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या लेखी त्याचा अर्थ उणे:
हे दार नाही, ते नाही, तिसरंही नाही,
ज्या गोळ्या इतर बायका पाच पाच वर्षं घेतात
त्यांना आत शिरायला इथं फट नाही.
खाली एक आकडा होता, ऐंशी टक्के.
घाई किती आहे, ते सांगणारा.

आमचे श्यांग वैद्य तेच अक्षर
चष्मा काढून, पुन्हा घालून वाचत राहिले.
चाळीस वर्षं त्यांच्यासाठी ते
डोंगराची सावलीकडची बाजू होतं,
जिथं बर्फ उशिरा वितळतो.
जीभ बघितली. तीन बोटांनी नाडी धरली, बराच वेळ.
मग म्हणाले, सलाईन चुकवू नकोस.
माझा काढा उलटीसाठी, झोपेसाठी.
गाठ माझ्या कागदात मावत नाही.

असं बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

आज तिची चिठ्ठी तिच्याच काउंटरवर आली.
लोकरी टोपी कानांपर्यंत, भुवया पेन्सिलीच्या.
मी काटा उचलला तर म्हणाली,
आण इकडे, तुझा हात जड आहे.
सुंठ. संत्र्याची वाळकी साल. ज्येष्ठमध, तोही मोजकाच.
मग एक खण अर्धा उघडून तिनं तसाच लोटला.
डांग-ग्वेई. नावाचा अर्थ, परत यायला हवं.
हे नाही माझ्यात, म्हणाली,
हफेईच्या बाईंनी नको म्हटलंय.
हात आपला गेला, सवयीनं.

सात पुड्या झाल्या. कडा दुमडल्या, नखानं दाबल्या.
दोरा गुंडाळला दोनदा, आडवा, उभा,
आणि गाठ मारायच्या वेळी
तिनं सगळं माझ्याकडे सरकवलं.

मागचा माणूस खोकत उभा होता.
त्याची चिठ्ठी तिनंच घेतली.