काज

एरंडवण्यातल्या एका तळघरात मला मशीनमध्ये झोपवलं.
मान हलवायची नाही, वैजयंती ओगले म्हणाली.
पडद्यावर एक हात, कुणाचा कोण जाणे,
बोट उचलतो, टेकवतो. उचलतो, टेकवतो.
फक्त बघा.
मग: आता तुम्ही करा.

नंतर तिनं दोन चित्रं दाखवली शेजारी शेजारी.
नुसतं बघतानाही बरेचसे तेच कोपरे तापलेले,
जरा मंद, गॅस बारीक केल्यासारखे.
"हात स्वस्थ होता तुमचा. आत तालीम चालली होती."

मला हसू आलं. म्हणजे नळस्टॉपला
खड्डा खणणाऱ्या एका माणसाभोवती
जे सात जण हाताची घडी घालून उभे असतात
तेही थोडं खणतच असतात तर.

पण एक ठिपका
केल्यावरच नीट उजळला होता,
बोटाखाली काही टेकलं तेव्हा.
त्याचं नाव रिक्षात बसेपर्यंत विसरले.

घरी अण्णा खिडकीशी. उजवा हात मांडीवर,
कुणी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा, आषाढापासून.
मी समोर बसून माझ्याच कुडत्याची बटणं लावते,
मुद्दाम हळू.
ते बघतात, ओठ दाबून.
कपाळावर घाम येतो त्यांच्या.

आणि मी महिनाभर म्हणत होते, नुसते बघत बसतात.

चौथ्या बटणाशी थांबले.
त्यांचा हात उचलून त्यावर ठेवला.
बोटं हलली नाहीत.
पंखा फिरत राहिला.

"तिसरं चुकीच्या काजात गेलंय,"
अण्णा म्हणाले. "काढ. परत लावू."