क्वेरी क्रमांक सतरा

वर्तक मॅडम पुण्याहून विचारतात:
भेट चौथी, रुग्ण शून्य-एक-नऊ.
प्रोटोकॉलप्रमाणे चाळीस मिनिटं,
टाइमशीटवर दोन तास पाच.
कारण द्या.

देते.

मिरजेत, ओपीडीमागच्या खोलीत,
आम्ही दिवस पाव-पाव तासाच्या चौकटींत भरतो.
वजन, बीपी, रक्त यांची एक चौकट.
तळपायाची जखम पट्टीनं मोजून फोटो काढायची दुसरी.
इथवर सगळं तुमच्या वेळेत झालं.

ती उमदीहून पहाटेच्या गाडीनं आली होती,
उपाशीपोटी या म्हटलेलं, तशीच.
रक्त दिल्यावर फडकं सोडलं,
कडक भाकरी, शेंगाचटणी, अर्धी माझ्यापुढं.
याला कोड सापडला नाही.

मग प्रश्नावली.
वेदना किती, शून्य ते दहा?
"बारा आणे."
म्हटलं, आज्जी, आकडा सांगा.
"सांगिटला की. आदी रुपाया हुता,
आता बारा आणे."

मी मोबाइलवर हिशेब केला. साडेसात.
फॉर्ममध्ये साड्याला जागा नाही.
सात लिहू का आठ?
ती कानडीत स्वतःशीच काही बोलली,
पाय जरासा टेकवून बघितला,
नाणं फरशीवर वाजवून बघावं तसा,
आणि मलाच म्हणाली,
"चार आणे कमी झालं, ते कुटं लिवलीस?"

तिला खरी गोळी मिळते की नुसती पिठाची,
मला माहीत नाही. तिलाही नाही.
तेच पुन्हा सांगत बसले, तिसऱ्यांदा.
अंगठा तिनं मार्चमध्येच दिलाय,
पण ऐकताना मान हलवते ती होकाराची
की माझ्यावरच्या दयेची, हे कळेना,
म्हणून चौथ्यांदा.

पाव तास म्हणजे तासाची पावली.
आठ पावल्या झाल्या, मॅडम,
वर पाच मिनिटं सुट्टी.
ती स्टँडवर गेली. तिला पाटी वाचता येत नाही,
आणि जतच्या फलाटाला त्या दिवशी
पंढरपूरची गाडी लावली होती.

ही पाच मिनिटं रुग्णसंपर्कात धरायची की प्रवासात,
ते कळवावं.

दुरुस्ती: वेदनेच्या रकान्यात आठ होतं.
एका रेघेनं खोडलंय, खालचं वाचता येईल असं.
सात केलंय.
सही, तारीख.
कारण: रुग्णानं विचारलं.

तरन्नुम जमादार
समन्वयक
(हे लिहायला लागलेला वेळ: तीन चौकटी. कोड नाही.)