खरखर, घरघर

रिटायर झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात.
ह्यांनी राउटर धरला.
"आवाजात मळ आहे," म्हणाले,
आणि हॉलभर पालथे पडून वायरी मोजू लागले.
मला मळ ठाऊक तो सोफ्याखालचा,
दर शनिवारी काढायचा.
हा निराळा. दिसत नाही.
गाणं कुठल्याशा परदेशी यंत्रातून निघतं,
समुद्राखालून येतं, सहकारनगरात तिसऱ्या मजल्यावर चढतं
आणि शेवटच्या दोन वितींत
बाटतं.

मग गाण्याला सोवळं नेसवणं सुरू झालं.
तापकीर गल्लीत सात खेपा.
मुनोतांचा मुलगा आता ह्यांना लांबून ओळखतो,
विचारायच्या आधीच फेराइटचे मणी काढून ठेवतो.
काळे, जाड. वायरीच्या गळ्यात घालायचे.
म्हटलं, माझ्या गळ्यात काळे मणी चाळीस वर्षं आहेत,
माझी खरखर कमी झाली का?
हे हसले नाहीत. कान लावून होते.

राउटरचा आणि फ्रिजचा शेजार मोडला.
मग नवा स्विच आला. मग काचेची तार,
केसाएवढी. तिच्यातून वीज जात नाही, फक्त उजेड जातो,
म्हणून सोबत वायफळ काही येत नाही म्हणे.
(हे मला आवडलं. आमच्या काही पाहुण्यांसाठी
अशी एक तार हवी होती.)
शेवटी अडॅप्टर. ट्रान्सफॉर्मरचा, जड,
इडलीच्या कुकरएवढा,
बिलावरच्या आकड्यावर अंगठा ठेवून घरात आणलेला.

ऋजुता बाणेरहून फोनवर,
"बाबा, नुसते शून्य आणि एक असतात.
पोचतात, नाहीतर नाही पोचत."
"पोचतात गं," हे म्हणाले,
"पण दमून पोचतात."

एका मंगळवारी हे बँकेत गेले असताना
मी जुना अडॅप्टर परत बसवला,
चिकटपट्टी लावलेला, पाच वर्षांचा.
संध्याकाळी हे डोळे मिटून म्हणाले,
"बघ, तंबोरा कसा मोकळा झालाय."
मी गवारीच्या शिरा काढत राहिले.
रात्री उठून परत नवा लावला.
कुणाला बोलले नाही.
अजून बोललेली नाही.

परवा रात्री साडेदहाची गोष्ट.
खालच्या देवधरांचा टीव्ही बंद झालेला.
तळजईकडून एक मोर ओरडला, तोही थांबला.
लागलं होतं सत्तर सालचं ध्वनिमुद्रण,
कुठल्याशा शाळेच्या हॉलमधलं.
बाई मारव्यात होत्या. कोमल रिषभावर आल्या
आणि थांबल्या.
पेटीही थांबली.
त्या थांबण्यात
काहीतरी बारीक वाजलं,
शिट्टीसारखं.
आत, बाहेर. आत, बाहेर.

हे ताडकन उठले. "राहिलीच बघ कुठेतरी!
उद्या आणखी एक फिल्टर..."
पिशवीच्या खुंटीकडे हात गेलासुद्धा.

"राहू दे," मी म्हटलं.
"ती खरखर नाही, घरघर आहे.
पेटीवर वामनमामा आहे."

दमेकरी माणूस. मैफलीला निघताना
खिशात आल्याचा तुकडा, रुमालात गुंडाळलेला.
मे महिन्यात आम्ही भाचरं त्याच्या खोलीत ओळीने झोपायचो.
ती शिट्टी चालू असली की झोप लागायची.
एकाहत्तरच्या मेमध्ये, पहाटे तीनला,
आम्ही सगळी एकदम जागी झालो.

हे बसले. मागे नेलं. पुन्हा लावलं.
बाई थांबल्या, पेटी थांबली,
मामा आत, बाहेर.
"किती वर्षं हे लावतोय मी," हे म्हणाले,
"कधी बोलली नाहीस."
"ऐकू कुठे येत होतं?"

ह्यांची मान दोन बोटं वर गेली.
जाऊ दे, म्हटलं.

झोपायला जाताना टेबलाखाली वाकले.
तो ठोकळा कोमट होता.
हात ठेवला,
लगेच काढला नाही.